ओबोरी सोमायाकीचा चहाचा कप: रोज वापरून लिहिलेला रिव्ह्यू

जपानहून काय न्यावं असं कोणी विचारलं की मी हल्ली डोळे झाकून ओबोरी सोमायाकीचा युनोमी सांगते. ओबोरी सोमायाकी ही जपानच्या फुकुशिमा प्रांतातली पारंपरिक मातीची भांडी, आणि युनोमी म्हणजे बिनकानाचा चहाचा कप. फिकट हिरवट निळा रंग, त्यावर केसाएवढ्या बारीक काळ्या रेषांचं दाट जाळं आणि त्या जाळ्यावरून चौखूर उधळलेला घोडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी तासन्‌तास बसून निबने रेषा ओढल्यात, पण त्या रेषा म्हणजे खरेखुरे तडे आहेत, झिलईला, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराला गेलेले, आतलं भांडं मात्र अखंड.

आधीच सांगते, हे उजेड आरपार दिसणारं नाजूक पोर्सेलीन नाही, जरा जाडसर स्टोनवेअर आहे, आपण घरात सरसकट ज्याला चिनी माती म्हणतो त्यातलंच. बोन चायनाचा हलकेपणा हवा असेल तर हा कप तुमच्यासाठी नाही. पण तडे गेलेल्या झिलईची भांडी आवडत असतील तर रोज हाताळता येईल अशी यापेक्षा चांगली वस्तू मला तरी माहीत नाही. चीनमध्ये सुंग काळात दरबारासाठी मुद्दाम असे तडे पाडलेली भांडी बनायची, ग्वान भांडी म्हणतात त्यांना, आणि ती आता म्युझियमच्या काचेमागेच बघायला मिळतात. सोमायाकी पहिल्यापासून साध्या लोकांच्या घरातली. चहा प्या, धुवा, पालथी घाला, परत वापरा.

हे तडे पडतात कसे ते समजून घेतलं की कप बघायची मजाच बदलते. मातीचं भांडं आणि त्यावरचा काचेसारखा थर दोन्ही भट्टीत एकत्र तापतात, पार बाराशे-तेराशे अंशांपर्यंत, आणि थंड होताना दोघंही आकसतात, पण वरचा थर आतल्या मातीपेक्षा जास्त आकसायला बघतो. खालची माती त्याला तेवढं आकसू देत नाही, मग ताण बसतो, आणि एका क्षणी तो थर तडकतो. एरवी कुंभाराच्या दृष्टीने हा दोषच, साध्या पांढऱ्या कपबशीला असं झालं तर माल बाजूला काढतात. इथे मात्र झिलई मुद्दाम अशी निवडतात की तडकलीच पाहिजे. नंतर त्या भेगांमध्ये सुमी, म्हणजे ब्रशने लिहायची काळी शाई, चोळतात आणि वरची पुसून घेतात, शाई भेगेत राहते आणि जाळं उठून दिसतं. याला तिकडे आओहिबी म्हणतात, निळे तडे.

माझा कप मी खिडकीतल्या उजेडात बराच वेळ बघत बसते, आणि एक गोष्ट लक्षात आली ती सांगायलाच हवी. सगळ्या रेषा सारख्या नाहीत. काही लांबलचक, काठापासून बुडापर्यंत वळसा घेत गेलेल्या, आणि त्यांच्या मधे आखूड आखूड रेषा, ज्या मोठ्या रेषेला येऊन काटकोनात धडकतात आणि तिथेच थांबतात, पलीकडे जात नाहीत. म्हणजे मोठी भेग आधीची आणि तिला येऊन थांबलेली नंतरची, कारण नवीन तड्याला जुनी भेग ओलांडता येत नाही. हे एकदा कळलं की कपावर कुठल्याही जागी बोट ठेवून सांगता येतं, आधी ही गेली, मग ही, मग ही चिमुकली. आत बुडाशी झिलई वाहून साचलेली आहे, थर जाड आहे, तिथे जाळीची घरं मोठी मोठी आहेत, आणि काठाजवळ थर पातळ आहे तिथे एकदम बारीक. एकाच भट्टीतून निघालेले दोन कप शेजारी ठेवले तरी नक्षी वेगळीच. सहाचा एकसारखा सेट हवा असेल तर हे गैरसोयीचं वाटेल, मला मात्र हाच माझा कप असं ओळखता येणं फार आवडतं.

आणि आवाज! भट्टीतून काढलेली भांडी थंड होत असताना तडकत राहतात, आणि प्रत्येक तड्याला एक बारीक, उंच, काचेवर टिचकी मारल्यासारखा टिंग असा आवाज येतो. एका वेळी शेकडो भांडी असली की सगळीकडून टिंग, टिंगटिंग, मधेच शांत, परत टिंग. फुकुशिमा प्रांताने आपल्याकडचे खास ३० आवाज निवडले, त्यात ओबोरी सोमायाकीच्या तडकण्याचा हा आवाज आहे. एका भांड्याच्या आवाजाला सरकारी यादीत जागा मिळाली हे मला फार भारी वाटतं. घरी आणल्यावरही हे पूर्ण थांबत नाही. कप नवीन असताना त्यात कडक पाणी ओतलं आणि खोलीत टीव्ही-पंखा काही चालू नसेल तर अगदी हलकासा आवाज येतो, कान जवळ न्यावा लागतो पण येतो.

आता वापराबद्दल. या कपाला दोन भिंती असतात. आतला कप वेगळा घडवतात, बाहेरचा वेगळा, आणि दोन्ही कच्चे असतानाच एकमेकांत बसवून जोडतात, मधे हवेचा थर राहतो. त्यामुळे आत उकळतं पाणी असलं तरी बाहेरून कप हातात आरामात धरता येतो आणि चहाही जास्त वेळ गरम राहतो. आजकाल कॉफीसाठी दुहेरी काचेचे मग मिळतात ना, तीच कल्पना, पण ही माणसं कितीतरी पिढ्यांपासून मातीत करतायत. बाहेरच्या भिंतीला छोटी छोटी बदामाच्या आकाराची भोकं कापलेली असतात, ती समुद्रकाठच्या छोट्या पक्ष्यांची आकृती आहे असं सांगतात, कारण हा सगळा भाग पॅसिफिकच्या किनाऱ्याचा. त्या भोकातून आत डोकावलं की आतला कप दिसतो. घोडा आहे तो सोमा घराण्याचा, जुन्या काळी या भागावर त्यांचं राज्य होतं, आणि आजही तिथे चिलखतं घालून घोडे पळवायचा नोमाओई नावाचा मोठा उत्सव असतो. तो आधी जुलैच्या शेवटी व्हायचा, उन्हाचा त्रास फार व्हायला लागला म्हणून २०२४ पासून मे महिन्याच्या शेवटी करतात. कपावरचा घोडा बहुतेक वेळा डावीकडे पळताना काढतात, तो शुभ मानतात.

ग्रीन टी यात अप्रतिम लागतो, झिलईच्या रंगात चहाचा हिरवा रंग मिसळून जातो. कोरा चहा पण मस्त. आपला दुधाचा चहा मात्र मी यात घेत नाही. आले-वेलचीचा उकळलेला चहा भेगांमध्ये जिरतो, दूध तर विचारूच नका, आणि नीट धुतलं नाही तर वास धरतो. कोणाला चालत असेल तर प्यावा, पण प्यायल्या प्यायल्या धुवायचा, सिंकमध्ये रात्रभर ठेवायचा नाही. नवीन कप पहिल्यांदा वापरायच्या आधी थोडा वेळ साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे भेगांमध्ये आधी पाणी भरतं आणि चहाचे डाग एकदम बसत नाहीत. वर्षानुवर्षं ग्रीन टी प्यायल्यावर भेगांचा रंग हळूहळू बदलत जातो, याला तिकडे कप वाढवणं, मूल वाढवतात तसं, असं म्हणतात आणि लोकांना ते हवं असतं. माझ्या कपात आतल्या बाजूला काही रेषा काळ्याच्या तपकिरी झाल्यात, मला त्या नवीन काळ्या रेषांपेक्षा जास्त छान वाटतात.

जे आवडलं नाही तेही सांगते. मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, डिशवॉशरमध्येही नको, त्यामुळे घाईच्या सकाळी हा कप बाहेर निघत नाही. दोन भिंती असल्यामुळे वजन चांगलंच आहे, आणि बाहेरून मोठा दिसतो त्या मानाने आत चहा कमी मावतो. धुताना बदामाच्या भोकातून पाणी दोन भिंतींच्या मधे शिरतं आणि ते बाहेर काढणं ही खरी कटकट आहे, कप तिरका करून हलवा, फिरवा, परत हलवा, मग पालथा घालून नीट वाळू द्या. ओला कप कपाटात ठेवला तर आतून कुबट वास येतो. छोटी फुलदाणी पण घेतली आहे मी, एकच फूल ठेवायची, ती दिसायला कपापेक्षाही देखणी आहे, पण ती थेट लाकडी टेबलावर ठेवत नाही, खाली छोटी बशी ठेवते, कारण अशा झिलईच्या भांड्याला बुडाशी ओल येऊ शकते. आणि किंमत. चांगला दुहेरी भिंतीचा युनोमी चार-पाच हजार येनच्या आसपास जातो, म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये, एका कपाला. महाग आहे का, तर हो. पण दोन भांडी घडवून एकात एक बसवायची, भाजायची, घोडा काढायचा, झिलई द्यायची, परत भाजायची, शाई भरायची, पुसायची, एवढं हाताने केलेलं काम आहे. मला ही किंमत रास्त वाटते.

आणि किंमतीच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, ती माहीत असल्याशिवाय हा कप पूर्ण कळतच नाही असं माझं मत आहे. ओबोरी हा फुकुशिमा प्रांतातल्या नामिए गावाचा भाग. तिथे हे काम १६९० च्या सुमारास सुरू झालं, हांगाई क्युकान नावाच्या सामुराईला तिथे चांगली माती सापडली आणि त्याने नोकराकडून भांडी करून घेतली असं सांगतात. एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, तिथे शंभरावर भट्ट्या होत्या. १९७८ मध्ये जपान सरकारने राष्ट्रीय पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. मग ११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी, आणि जवळच्या अणुवीज केंद्राचा अपघात. नामिएच्या एकवीस हजारांवर लोकांना गाव सोडावं लागलं, वीसेक भट्ट्या होत्या त्या सगळ्या बंद. भट्टी काय उचलून नेता येते का! साचे, चाकं, अर्धवट घडवलेली भांडी, सगळं तिथेच राहिलं.

त्यातही या कपाची निळसर झिलई ज्या दगडापासून बनायची तो दगड तिथल्याच डोंगरातला. अपघातानंतर तो काढताच येईना. म्हणजे हात होते, कसब होतं, पण रंगच गेला, आणि तडेही गेले, कारण तो दगड होता म्हणून ती झिलई तशी तडकायची. मग प्रांताच्या संशोधन केंद्राने जुन्या दगडात काय काय आहे ते तपासून, दुसऱ्या खनिजांचं मिश्रण करून तशीच तडकणारी झिलई तयार करून दिली. सहकारी संस्थेने निहोनमात्सु शहरात तात्पुरती कार्यशाळा उभी केली, काही घराणी प्रांतात इकडेतिकडे जाऊन नव्याने भट्टी लावून बसली, काहींनी काम कायमचं सोडलं. आज आपण दुकानात जो कप बघतो त्याची माती बाहेरून आलेली, झिलई प्रयोगशाळेत जमवलेली आणि हात मात्र त्याच घराण्यातले. जुना, २०११ च्या आधीचा कप एका ओळखीच्या आजींकडे बघायला मिळाला, शेजारी ठेवून बघितला तर जुन्याचा हिरवा थोडा अधिक गडद वाटला, जाळी मात्र तशीच बारीक आणि तशीच जिवंत. ज्या कोणी हे जमवून आणलं त्यांना खरंच नमस्कार.

काही जण विचारतात, फुकुशिमाची वस्तू, रेडिएशनचं काय. नामिएत सोमायाकीचं दुकान आहे तो भाग २०१७ मध्ये राहण्यासाठी खुला झाला, माती बाहेरची, झिलई नवीन, त्यामुळे मी अजिबात न घाबरता त्यात चहा पिते. खुद्द ओबोरीतला भांड्यांचा परिसर मात्र २०२३ च्या मार्चपर्यंत बंद होता.

आता दुकानाबद्दल. नामिएला मिची-नो-एकी आहे, म्हणजे रस्त्याकडेला असतो तसा मोठा थांबा, भाजीपाला, खाणं, स्वच्छतागृहं, सगळं एका जागी. तो २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्याच्याच आवारात सोमायाकीची वेगळी इमारत झाली. टोक्योतल्या उएनो स्टेशनवर हिताची एक्सप्रेस पकडली की बदली न करता तीन-साडेतीन तासांत नामिए, पण तिथपर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा नाहीतर पंचाईत होईल. ही लाइनसुद्धा अपघातानंतर नऊ वर्षं तुटलेली होती, मार्च २०२० मध्ये पूर्ण जोडली गेली. स्टेशनवरून चालत जाता येतं. वाटेत रिकामे प्लॉट दिसतात, एका ओळीत एक घर, मग नुसतं गवत, परत एक घर. ते बघून मन जड होतं, हे सांगून ठेवते.

दुकान मात्र बघण्यासारखं. वेगवेगळ्या घराण्यांचा माल वेगवेगळ्या शेल्फवर मांडलेला, त्यामुळे फरक लगेच कळतो, कोणाची जाळी बारीक, कोणाची मोठी, कोणी घोडा सोनेरी काढतं तर कोणी दोन-चार फटकाऱ्यांत काळ्या रंगात, आणि नवीन पिढीतले काही जण घोडा न काढता नुसती झिलई ठेवतात. कप हातात घेऊन बघू देतात, कोणी मागे मागे फिरत नाही. मला काठ जिभेला बोचणार नाही असा हवा होता, तर तिथल्या बाईंनी शांतपणे एकेक कप पुढे ठेवला आणि कुठल्या घराण्याचा काठ पातळ असतो ते समजावून सांगितलं, माझं जपानी अडखळत होतं तरी. तिथे चाकावर स्वतः भांडं करून बघायची सोय आहे, आधी नाव नोंदवून जा. त्याच इमारतीत साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, बनवतात, इवाकी कोतोबुकी नावाची, तिचा जुना कारखाना समुद्राला अगदी लागून होता, त्सुनामीत वाहून गेला, मालकांनी कितीतरी वर्षं यामागाता प्रांतात जाऊन साके केली आणि मग गावी परत आणली. साकेची छोटी बाटली आणि सोमायाकीचा साके प्यायचा छोटा पेला, अशी भेट देण्यासारखी जोडी आहे. खाण्यात नामिए याकीसोबा प्रसिद्ध, जाडजूड नूडल्स, पण त्यात डुकराचं मांस असतं, शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा.

एवढं लांब जाणं जमणार नसेल तर टोक्योत आओयामा स्क्वेअर नावाचं पारंपरिक हस्तकलांचं दुकान आहे, तिथे विचारा. चॉइस नामिएइतका नसेल.

ऑनलाइन घेताना जपून. माझ्या मैत्रिणीने एका विक्रेत्याकडून तडे गेलेली फुलदाणी म्हणून मागवली, आली ती छापील जाळीची, वर गुळगुळीत कोटिंग. ओळखायचं सोपं आहे, छापील नक्षी ठरावीक अंतराने परत परत येते, रेषा सगळ्या एकाच जाडीच्या असतात आणि जागोजागी एकमेकींना ओलांडून जातात. खऱ्या झिलईत कप तिरका धरून उजेडात बघितला की भेग खोल दिसते, एखादी रेषा कडेने चमकते. विक्रेत्याकडे जवळून काढलेला फोटो मागा, तो देत नसेल तर सोडून द्या.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ती आधी म्हणाली, "अगं, तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये, आणि तू पैसे देऊन आणलंस?" तिचंही बरोबर आहे, आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला असे तडे गेले की तेल-मीठ आत जिरतं आणि बरणी बाद. मग मी तिला ते गाव, तो दगड, तो आवाज, सगळं सांगितलं. सुट्टीत गेले तेव्हा तिच्यासाठी एक कप नेला, तो आता तिने हॉलच्या शोकेसमध्ये ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवते. चहा अजून प्यायलेली नाही त्यात, म्हणते पाहुणे आले की काढीन.

भारतात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. दोन भिंतींचा कप बाहेरून दणकट वाटतो पण बाहेरची भिंत पातळ असते आणि बदामाच्या भोकापाशी कमजोर. दुकानात कागदात छान गुंडाळून देतात, वरून मोज्यात घाला आणि कपाच्या आतही कपडा भरा. लाकडी खोका हवा असेल तर वेगळे पैसे पडतात, भेट द्यायची असेल तर घ्या, स्वतःसाठी गरज नाही.